एक टँकर विरजण

मी आजवर झुरळसुद्धा मारलेलं नाही. बायकोला हाक मारतो. पण एका मंगळवारी सकाळी अकरा ते साडेबारा या वेळात मी काही अब्ज जीव ठार मारले, आणि तेही समितीत रीतसर ठराव मंजूर करून, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांनिशी. याबद्दल मला कोणी अटक केली नाही. उलट माझा फोटो काढला. त्या फोटोत मी हातात खराटा धरून हसतो आहे.

आमची वसाहत अठ्ठेचाळीस घरांची आणि मी तिचा सचिव. सचिव कसा झालो हे सांगत बसत नाही. ज्या सभेला गेलो नव्हतो त्या सभेत झालो, एवढं पुरे. वसाहतीच्या मागे, गाड्या लावायच्या जागेपलीकडे, सांडपाण्याचा एक छोटा प्रकल्प आहे आणि त्याला लागून ओढा. अठ्ठेचाळीस घरांच्या मोऱ्या, बेसिनं आणि संडास यांतून जे जे वाहतं ते प्रकल्पाच्या एका टोकाने आत शिरतं आणि दुसऱ्या टोकाच्या पाइपातून नितळ पाणी होऊन ओढ्यात पडतं. मधल्या मधे त्याचं नेमकं काय होतं हे वसाहतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला ते कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. पन्नाशीचे, गमबुटात पँट खोचलेले, बारा वर्षं त्याच कामावर. पाइपाच्या तोंडाशी बोटभर लांबीचे मासे जमत, ते बघत ते दुपारचा डबा खात. सांडपाण्याशेजारी बसून जेवणाऱ्या माणसाबद्दल वसाहतीत जे मत असायचं तेच होतं.

तर एके दिवशी जलशुद्धी खात्याचं पत्र आलं. तीन आठवड्यांनी गुरुवारी निरीक्षक येणार, प्रकल्प पाहणार आणि ओढ्यात सोडलेल्या पाण्याचा नमुना नेणार. नमुना नापास झाला तर प्रकल्पाला टाळं, आणि ‘जबाबदार व्यक्तीवर’ कारवाई. हे दोन शब्द वाचून समितीतल्या पाचही जणांनी आपापल्या चपला पायांनी चाचपल्या.

आमच्या अध्यक्षांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. त्यामुळे जगातली कोणतीही अडचण योग्य रंग निवडला तर झाकता येते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी प्रकल्पाच्या भिंतीला आकाशी रंग दिला, त्यावर ‘पाणी म्हणजे जीवन’ लिहून घेतलं आणि कठड्याला लागून अकरा कुंड्या मांडल्या. मग पाच वर्षांच्या कारकिर्दीत प्रथमच त्यांनी कठड्यावरून टाकीत डोकावून पाहिलं.

टाकीत तपकिरी, दाट, खदखदणारं काहीतरी होतं. खालून हवेचे बुडबुडे येत होते आणि वर करड्या फेसाचा थर होता.

“हे काय आहे?” अध्यक्ष दोन पावलं मागे सरून म्हणाले. “अहो, माणूस तपासणीला येणार आणि आपण त्याला हे दाखवणार?”

“हे असंच असायला पाहिजे, साहेब,” टाकीवाले म्हणाले. “रंग छान आहे सध्या.”

त्यांना लगेचच्या सोमवार ते बुधवार रजा हवी होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाले, “हवेची मशीन तेवढी बंद पडू देऊ नका. बाकी त्यांचं ते करतात.”

‘त्यांचं’ म्हणजे कोणाचं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण सचिवाने कोणाला विचारायचं नसतं, लोकांनी सचिवाला विचारायचं असतं, अशी माझी त्या काळात समजूत होती.

सोमवारी संध्याकाळी माझ्या घरी समितीची बैठक झाली. बैठक पाच जणांची आणि चहा अकरा जणांचा, कारण सल्ला द्यायला समितीत असावं लागत नाही. समोरच्या घरातले सर्वज्ञ सगळ्यांत आधी आले. यांचं हे नाव आम्हीच ठेवलं आहे आणि त्यांना ते मनापासून आवडतं. तीस वर्षं औषधांच्या कंपनीत होते. कंपनीत नेमकं काय करत होते असं विचारलं की ते हवापाण्यावर बोलू लागतात. खोकी मोजत होते, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे.

“ती टाकी म्हणजे जंतूंचं माहेर आहे,” सर्वज्ञ म्हणाले. “जंतू म्हणजे जंतू. घरातले काय आणि टाकीतले काय! ब्लीचिंग पावडर. विषय संपला.”

“मुळापासून साफ केल्याशिवाय उपयोग नाही,” तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले. “किडलेलं ठेवून वर चांदी भरण्यात अर्थ नसतो.” हे वाक्य ते लग्नं मोडण्याबाबतही वापरतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिंबाच्या वासाचं फिनेल सुचवलं. निरीक्षक आत शिरल्याबरोबर पहिला वास लिंबाचा यायला हवा, पहिली छाप महत्त्वाची. एकाने धुण्याची पावडर सुचवली. कोणाचाच सल्ला मोडायचा नाही हे आमच्या समितीचं धोरण असल्यामुळे ठराव असा झाला: ब्लीचिंग पावडर तीन पोती, धुण्याची पावडर एक पोतं, फिनेल वीस लिटर. कार्यवाही सचिव.

फक्त माझी बायको आतून म्हणाली, “टाकीवाल्यांना एक फोन करून विचारा की.”

“ऑपरेशनच्या ठिकाणी असलेल्या माणसाला त्रास देऊ नये,” मी म्हणालो. किती समंजस वाटतं ना ऐकायला?

मंगळवारी अकरा वाजता मी पहिलं पोतं उलटं केलं. मग दुसरं, मग तिसरं. मग धुण्याची पावडर. खालून हवेची मशीन चालू होती, कारण टाकीवाल्यांनी ती बंद पडू देऊ नका असं सांगितलं होतं आणि मी आज्ञा पाळणारा माणूस आहे. त्या हवेने धुण्याच्या पावडरीचं जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. फेस आधी कठड्यापर्यंत आला, मग कठड्यावर, मग अकरा कुंड्यांवरून उतरून आकाशी भिंत, तिच्यावरचं ‘जीवन’ आणि शेवटी डॉक्टरांची मोटार यांच्यावरून शांतपणे पुढे गेला. डॉक्टर म्हणाले की मोटार नाहीतरी धुवायचीच होती. त्या दिवशी सगळेच उदार होते. खराट्यांनी आम्ही कठडे घासले, साडेबारापर्यंत फेस बसला, आणि टाकीतलं पाणी चक्क दुधी, पांढुरकं दिसू लागलं. वास येत होता तो लिंबाचा आणि पोहण्याच्या तलावाचा. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ब्लीचिंगने आलं असेल, पण आलं. तेव्हाच तो फोटो काढला.

गुरुवारी सकाळी, तपासणीला बरोबर दोन आठवडे असताना, टाकीवाले आले. मी मुद्दाम तिथे जाऊन उभा होतो. माणसाने कौतुकाच्या वेळी हजर असावं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, कुंड्यांकडे पाहिलं नाही. टाकीत मात्र वाकून पाहिलं. मग झोपडीवजा खोलीतून काचेचं एक लांबट मापाचं भांडं आणलं, लिटरभराचं, टाकीतलं पाणी त्यात भरलं आणि कठड्यावर ठेवलं.

“अर्धा तास थांबू,” ते म्हणाले.

अर्धा तास आम्ही दोघं एका भांड्याकडे बघत बसलो. भांड्यात काहीच झालं नाही. पाणी गढूळ होतं ते गढूळच राहिलं.

“मेले,” टाकीवाले म्हणाले.

“कोण?” मी दचकून विचारलं. मला वाटलं बहिणीकडून निरोप आला.

“सगळे.”

मग त्यांनी मला समजावलं. लहान मुलाला समजावतात तसं, पण आवाज न चढवता. त्या तपकिरी खदखदण्यात जिवंत जंतू असतात. आपण जे टाकून देतो ते त्यांचं अन्न. हवा मिळाली की ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचा गाळ होतो. पुढच्या टाकीत तो गाळ तळाशी बसतो, वरचं स्वच्छ पाणी ओढ्यात जातं, आणि गाळ पुन्हा पहिल्या टाकीत, पुढच्या जेवणाला. एरवी त्या भांड्यात अर्ध्या तासात खाली तपकिरी थर बसायचा आणि वर पाणी असं, की पलीकडचं घड्याळ दिसावं.

“साहेब, ही टाकी धुवायची नसते,” ते म्हणाले. “ही पाळायची असते.”

मग ते पाइपापाशी गेले. मीही गेलो. पाइपातून मळकट पाणी ओढ्यात पडत होतं आणि तोंडाशी एकही मासा नव्हता. दोन दिवस अठ्ठेचाळीस घरांचं सगळं काही, वर लिंबाचा वास लावून, आम्ही ओढ्यात सोडत होतो. टाकीवाल्यांनी चाक फिरवून पाइप बंद केला. मला अतिशय लाज वाटली. ती पुढे पुष्कळ वेळा वाटणार होती, पण ही पहिली होती म्हणून नोंदवून ठेवतो.

आता सांडपाणी साठवण टाकीतच कोंडायचं होतं आणि तिची कुवत दोन दिवसांची. ब्लीचिंगचा जोर ओसरेपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, ती पुरवायची तर प्रत्येक घराने पाणी निम्मंच वापरायचं. ही सूचना मी फळ्यावर लावली. तिच्याखाली संध्याकाळपर्यंत लोकांनी पेन्सिलीने अभिप्राय लिहिले. ‘आंघोळ एक दिवसाआड, तर कामावर जाणंही एक दिवसाआड का नाही?’ हा त्यांतला सर्वांत सभ्य. वहिनींनी जिन्यात मला अडवून विचारलं, “म्हणजे जंतू जगावेत म्हणून आम्ही अस्वच्छ राहायचं?” प्रश्न मार्मिक होता. तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो, असं मी म्हणालो.

शुक्रवारी अध्यक्षांनी मला दुकानात बोलावलं. पडद्यांच्या ताग्यांमधे बसून ते म्हणाले, “घडलं ते घडलं. आता प्रश्न जबाबदार व्यक्तीचा. ऑपरेटर त्या दिवशी कुठे होता?”

“रजेवर. तुम्हीच मंजूर केली.”

“पण होता का जागेवर? नव्हता. झालं तर!” त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. टाकीवाल्यांच्या गैरहजेरीत प्रकल्पाची हानी झाली, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. “तपासणी नापास झाली तरच हा कागद निघेल. नाहीतर फायलीतच राहील. तुमची सही हवी, सचिव म्हणून.”

मी सही केली. हो, केली. सही करणं ही माझी नोकरीतली तीस वर्षांची सवय आहे. कागद समोर आला की माझा हात डोक्याला विचारत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“मारले तुम्ही,” ती म्हणाली, “आणि फाशी त्यांना?”

“अगं, तसा तो कागद फायलीतच...”

“त्यांना हे वय झाल्यावर दुसरीकडे कोण ठेवून घेणार आहे?”

त्यानंतर ती काहीच बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिचं बोलणं मी अनेकदा सहन केलं आहे. न बोलणं सहन होत नाही. म्हणजे आता एकच मार्ग उरला होता. काहीही करून तपासणी पास व्हायला हवी होती, नाहीतर माझ्या सहीने टाकीवाल्यांची भाकरी जाणार होती.

“जंतू परत कसे येतील?” शनिवारी सकाळीच मी त्यांना विचारलं. कागदाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत बघणं मला जड जात होतं.

“आपले आपण यायला दोन महिने लागतील. पी हळद अन् हो गोरी असं नाही होत यात. पण विरजण मिळालं तर होईल.”

“विरजण?”

“दूध आहे, दही नाही, तर आपण काय करतो? शेजारून चमचाभर आणतो. तसंच. चालू टाकीतला जिवंत गाळ आणून यात सोडायचा. एक टँकर लागेल. ब्लीचिंगचा अंमल सोमवारपर्यंत हवेने उतरेल.”

“आणि शेजार कोणता?”

टाकीवाल्यांनी ओढ्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

ओढ्यापलीकडच्या वसाहतीचा प्रकल्प आमच्याएवढाच आहे. तिच्या सचिव एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मागच्याच वर्षी मी त्यांना आमच्या समितीतर्फे एक खरमरीत पत्र लिहिलं होतं, त्यांच्या बाजूने वास येतो म्हणून. माझ्या हातून आजवर जे काही लेखन झालं त्यात मी ते पत्र वरचं मानत होतो.

“नाक मुठीत धरून जायला,” घरातून निघताना बायको म्हणाली, “इतकी योग्य जागा तुम्हाला पुन्हा मिळायची नाही.” पण निदान बोलली.

मुख्याध्यापिका बाईंनी मला बसायला सांगितलं नाही. त्यांनी कपाटातून फाइल काढली, चष्मा लावला आणि वाचलं, “‘आपल्या वसाहतीच्या गाळाचा दर्प कोणाही सुसंस्कृत माणसास सहन होण्याजोगा नाही.’ हे अक्षर आपलं?”

“अक्षर माझं. भावना समितीच्या.”

“हं. आणि आता आपल्याला काय हवंय?”

“तोच गाळ.”

“किती?”

“एक टँकर.”

बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. मागचं पत्र विनाशर्त मागे घेतो आणि आपला गाळ मिळावा अशी विनंती करतो, असा अर्ज मी तिथेच लिहिला. त्यांनी तो लाल शाईने तपासला. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि ‘आपला गाळ’ याच्या मधे ‘दर्जेदार’ हा शब्द घालायला लावला. मग पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला सांगितलं. मी बेचाळीस वर्षांनी शुद्धलेखन केलं.

सही झाल्यावर मात्र त्यांचा आवाज जरा उतरला. “मी नाही म्हणणारच नव्हते,” त्या म्हणाल्या. “ओढा एकच आहे. तुमची घाण आमच्या काठाशी येऊन ‘ही हद्द त्यांची’ म्हणून परत फिरत नाही. पण पत्राचा राग होता, तो काढून घेतला.”

आता राहिली परवानगी. मैला-गाळ टँकरने न्यायचा तर जलशुद्धी खात्याचा परवाना लागतो, आणि शनिवारी खातं दुपारी एकपर्यंत चालू असतं, म्हणजे साडेबारापर्यंत. मी बाराला खिडकीशी पोचलो.

“काय न्यायचंय?” खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

“न्यायचं नाही. आणायचंय.”

“काय?”

“मैला-गाळ.”

आता मान वर झाली. “आणायचाय? स्वतःहून?”

“हो.”

“अहो, एकोणीस वर्षं मी इथे बसतोय. घाण घेऊन जा म्हणून लोक रडतात, भांडतात, एकाने तर खिडकीची काच फोडली. आणून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच.” त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्यालाही मला दाखवलं. “पण फॉर्म नाही हो. घाण बाहेर नेण्याचा फॉर्म आहे, आत आणण्याचा नाही.”

“मग काय करायचं?”

गृहस्थ सज्जन होते. त्यांनी कपाळ चोळलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मार्ग काढला. अर्ज पलीकडच्या वसाहतीच्या नावाने भरायचा: घाण बाहेर नेणे. ‘विल्हेवाटीचे ठिकाण’ या रकान्यात आमच्या वसाहतीचा पत्ता. आणि आमची वसाहत ही घाण टाकण्यास योग्य जागा असल्याचा दाखला त्या जागेच्या प्रमुखाने सहीनिशी द्यायचा. मी सही केली. ज्या वसाहतीच्या फाटकावर अध्यक्षांनी ‘आदर्श’ असा फलक लावला होता, ती आता सरकारदरबारी उकिरडा म्हणून नोंदली गेली, आणि तिचा प्रमुख मी.

सोमवारी सकाळी दहाला टँकर आला. अख्खी वसाहत गॅलऱ्यांमधे उभी होती.

“आपली घाण काय कमी पडली म्हणून दुसऱ्यांची आणली?” एक आजोबा वरून ओरडले.

“निदान कुठल्या लोकांची आहे ते तरी चौकशी केलीत का?” डॉक्टरांनी विचारलं. पलीकडच्या वसाहतीतले बरेच लोक त्यांच्याकडे दात दाखवायला येत, त्यामुळे आत काय जातं याची त्यांना कल्पना होती. सर्वज्ञांनी हा गाळ आधी उकळून घ्यावा असं सुचवलं.

टँकरचा जाड नळा टाकीपर्यंत अपुरा पडत होता. दोन नळे जोडले आणि सांधा धरायला एक माणूस हवा होता. सचिवाने उदाहरण घालून द्यावं म्हणून मी पुढे झालो. खात्यात आणि बाईंकडे गेलो होतो तो माझा एकुलता एक चांगला शर्ट अंगात होता, कारण परवाने घेऊन येणाऱ्या टँकरचं स्वागत नीट कपड्यांत करावं असं मला वाटलं. चालकाने झडप उघडली. सांधा सुटला. पुढचे दोन सेकंद मला दर्जेदार गाळाखेरीज काही दिसलं नाही.

गॅलऱ्यांमधून जो आवाज आला त्याला टाळ्या म्हणणं बरोबर होणार नाही, पण हात वाजत होते. टाकीवाले धावत आले. मला वाटलं मला सावरायला. त्यांनी आधी सांधा बसवला, मग माझ्याकडे आपादमस्तक पाहून हळहळत म्हणाले, “बादलीभर तरी वाया गेला.”

बायकोने मला मागच्या दाराने घेतलं आणि पाण्याचे निर्बंध असूनही चार बादल्या दिल्या. पाचवी मागितली तेव्हा म्हणाली, “निम्मंच वापरायचं, फळ्यावर वाचलं नाही का?”

पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी दाढीच्या आधी टाकीवर जाऊ लागलो. लिटरच्या भांड्यापुढे आम्ही दोघं अर्धा-अर्धा तास बसायचो. साठवण टाकी भरली होती, म्हणून टाकीवाल्यांनी ओढ्याचा पाइप पुन्हा थोडाथोडा उघडला. पहिले दोन दिवस भांड्याच्या तळाला बोटाच्या पेराएवढा थर. तिसऱ्या दिवशी तो फुगला, आणि टाकीवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी हवा कमी-जास्त केली, परतीचा गाळ वाढवला, रजिस्टरात नोंदी केल्या. सहाव्या दिवशी थर दाट बसला. आठव्या दिवशी त्यांनी मला टाकीवर वाकून वास घ्यायला लावला. ओल्या मातीचा वास येत होता. मी आनंदाने बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली की असल्या बातमीने घरी धावत येणारा नवरा आपल्याला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नवव्या दिवशी पाइपाशी दोन मासे आले. आम्ही ते तीन-तीनदा मोजले.

बुधवारी मी अध्यक्षांकडे जाऊन तो कागद परत मागितला. ते म्हणाले, “उद्यापर्यंत असू द्या. छत्री घेतली म्हणून पाऊस पडतोच असं नाही.”

गुरुवारी निरीक्षक आल्या. तिशीच्या मॅडम, पिशवीत स्वतःचे गमबूट. अध्यक्षांनी त्यांना आकाशी भिंत दाखवली. त्या म्हणाल्या, “कुंड्या छान आहेत. हलवा, खाली झडप आहे.” मग त्यांनी भांडं मागितलं. अर्धा तास सहा माणसं भांड्याकडे बघत उभी. थर बसला, वर पाणी नितळ झालं. मॅडमनी भांड्याच्या पलीकडे आपलं मनगट धरलं आणि घड्याळात किती वाजले ते वाचलं. टाकीवाल्यांनी हळूच श्वास सोडला. पाइपाखालचा नमुना बाटलीत भरून झाला.

मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी रजिस्टर उघडलं.

“गाळ मधेच नवा का घातलाय? आणि त्याआधीच्या मंगळवारपुढे नुसतं ‘क्लोरीन जास्त’ का लिहिलंय? त्या मंगळवारी इथे काय झालं?”

टाकीवाल्यांनी तोंड उघडलं, पण अध्यक्ष पुढे आले. “मॅडम, ऑपरेटर त्या दिवशी जागेवर नव्हता. त्यातून थोडा बिघाड झाला. पण समितीने तातडीने कारवाई केलेली आहे.” आणि त्यांनी फायलीतून तो कागद काढून मॅडमच्या हातात दिला.

टाकीवाल्यांनी खांद्यावरून तो वाचला. वाचायला त्यांना वेळ लागला. शेवटी सहीपाशी आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दहा दिवस ज्याच्या शेजारी बसलो तो हाच का, हे ओळखायचा प्रयत्न केल्यासारखं.

“ही सही कोणाची?” मॅडमनी विचारलं.

“माझी,” मी म्हणालो. “सही माझी आहे आणि कागद खोटा आहे. हे रीतसर रजेवर होते. टाकी मी धुतली.”

“धुतली?”

“हो.”

“कशाने?”

“ब्लीचिंग पावडर तीन पोती. धुण्याची पावडर एक पोतं.” आणि सांगायचंच तर सगळं सांगावं म्हणून, “फिनेल वीस लिटर. लिंबाच्या वासाचं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “का?”

“तुम्ही येणार होतात म्हणून.”

त्यांनी एकदा टाकीत पाहिलं. मग म्हणाल्या, “आणि मग हे परत उभं कोणी केलं?” मी टाकीवाल्यांकडे बोट दाखवलं. मॅडमनी तो कागद घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला. अध्यक्षांनी तो परत मागायला हात पुढे केला होता, तो तसाच कुंडीकडे वळवून त्यांनी एक पान खुडलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाणी पास. ऑपरेटर सक्षम, त्यांना कामावरून काढल्यास खात्याला कारण कळवावे. बिघाडाबद्दल सचिवास ताकीद. आणि शेवटची ओळ: समिती सदस्यांना प्रकल्पाच्या आवारात प्रवेश देऊ नये. त्याच रविवारी विशेष सभा बोलावून मला सचिवपदावरून काढण्यात आलं. कारण, वसाहतीची बाहेरच्या माणसापुढे बदनामी. ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी मी हजर होतो. टाकीवाल्यांच्या अभिनंदनाचा ठराव वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.

सोमवारी दुपारी मी प्रकल्पावर गेलो. टाकीवाले डबा खात होते. त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

“त्या सहीबद्दल...” मी सुरुवात केली.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “नवे सचिव कोण?”

“सर्वज्ञ.”

त्यांचा घास हातातच राहिला. “काही बोलले का ते?”

“टाकीला वर्षातून एकदा उकळतं पाणी द्यावं, असं त्यांचं मत आहे.”

टाकीवाल्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवं कोरं, मुठीएवढं कुलूप होतं. त्यांनी ते फाटकाला लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. किल्ल्या दोन होत्या. एक त्यांनी खिशात टाकली आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

“मला?” मी म्हणालो. “अहो, मीच तर...”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “वसाहतीत बाकीच्यांना अजून कळायचंय.”